संत्र्याच्या सालीचा पाक

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडे आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या संत्र्यांची, तोड सुरू झाली की घरोघरी संत्री फस्त होतात आणि साली उकिरड्यावर जातात. वास्तविक पंच या जुन्या मिश्र पेयाचा सुगंध अशाच सालींतून येतो. सालीवरच्या बारीक ठिपक्यांत तेल साठलेले असते आणि साखर ते ओलाव्यासह बाहेर ओढून घेते. चार-पाच संत्री धुऊन सोलावीत, आतला पांढरा थर चमच्याने खरवडावा, कारण कडवटपणा बहुतेक त्यातच असतो (नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने हे काम फारसे जिकिरीचे नाही), आणि 100 ग्रॅम सालीस तेवढीच साखर घेऊन साली चकाकू लागेपर्यंत खलबत्त्यात रगडावे. डब्यात झाकून रात्रभर ठेवल्यास सकाळी साखर ओली, पिवळसर दिसते. तिच्यात अर्धा कप कोमट रस ढवळून मिश्रण गाळून घ्यावे. रम, लिंबू, पाणी आणि चिमूटभर जायफळ यांत हा पाक घातला की पंच तयार होतो. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असल्याने तिथे त्याचे सरबतच करावे, आणि खरे सांगायचे तर मला तेच अधिक आवडते. उरलेला पाक बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवावा आणि आठवडाभरात संपवावा.