गावातल्या छोट्या म्युझियमचं ब्रँडिंग कसं करायचं (लोगो सगळ्यात शेवटी)

ब्रँडिंग म्हटलं की कमिटीच्या मिटिंगमधे पहिला प्रश्न हाच, लोगो कोण करणार. थांबा जरा. आधी एक वही घ्या आणि एका वाक्यात लिहा की आपल्याकडे असं काय आहे जे शेजारच्या तालुक्यात बघायला मिळणार नाही. "ऐतिहासिक वस्तूंचा अमूल्य ठेवा" असलं काही लिहिलं असेल तर खोडा, ते कुठल्याही म्युझियमवर चिकटवता येतं.

पुण्यातलं राजा दिनकर केळकर म्युझियम घ्या. दिनकर केळकर म्हणजे कवी अज्ञातवासी, त्यांनी आयुष्यभर जमवलं काय तर अडकित्ते, दिवे, वज्री, भांडी, वाद्यं, कोरीव दरवाजे, आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं. २० हजारांच्या आसपास वस्तू, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच, पण बाहेर पडताना कोणीतरी म्हणतंच की असला अडकित्ता आमच्या आजीकडे होता. ते वाक्य म्हणजे त्या म्युझियमचं ब्रँडिंग. तुमचं वाक्य कुठलं ते शोधा, महिनाभर लागला तरी चालेल.

मग नाव. लांबलचक नाव ठेवलंत तर लोक स्वतःच ते तोडतात आणि तुम्हाला नको तिथे तोडतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला हे नाव मिळालं १९९८ साली, तरी जुनी माणसं अजून प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणतात. म्हणून बोलायचं छोटं नाव तुम्हीच ठरवा आणि स्टँडवरची पाटी, गूगल मॅप, तिकीट, सगळीकडे तेच, त्याच स्पेलिंगने. एका गावात मॅपवर एक नाव, कमानीवर दुसरं आणि रिक्षावाल्याला तिसरंच माहीत, आम्ही चक्क दारासमोरून दोनदा गेलो.

आता लेबलं, खरा खर्च आणि वेळ इथे घाला. "अडकित्ता, पितळ, १८ वे शतक" हे रजिस्टरसाठी ठीक आहे हो, पण उभ्या माणसाला त्यातून काय मिळणार? कोणाच्या घरातून आला, सुपारी कोण कातरायचं, पात्याला मोराचा आकार कशाला, यातलं जे खरंच माहीत आहे तेवढंच दोन ओळीत लिहा, तुमच्या भागातला शब्द असेल तर तोच वापरा. अक्षर मोठं ठेवा, मराठी वर. फाँटसाठी पैसे घालवू नका, मुक्ता किंवा बलू फुकट मिळतात आणि दोन्ही छान वाचता येतात.

वॉचमनकाकांना विसरू नका! पाहुण्याशी पहिलं बोलणारा माणूस तोच. "चप्पल तिकडे, मोबाइल बंद" असं खेकसून स्वागत झालं तर आतली रंगसंगती कितीही भारी असो, उपयोग शून्य. त्यांना एक वाक्य द्या, "आधी डावीकडची खोली बघा, तिथे अमुक आहे" एवढंच. फोटोला बंदी असेल तर का आहे ते पाटीवर लिहा, "सक्त मनाई"ने माणूस उगाच चोरासारखा वागतो.

लोगो आता करा. संग्रहातलीच एखादी वस्तू उचला, जिची नुसती कडा काढली तरी ओळखू येईल अशी. मुंबईतल्या भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, अजून काय हवं. तुम्ही उचललेल्या वस्तूची आकृतीच तिकिटावर, पिशवीवर, कीचेनवर येऊ दे. दुकानात ताजमहालाचे मॅग्नेट नकोत प्लीज.

झाल्यावर एका रविवारी तासभर गेटपाशी बसा आणि बाहेर पडणाऱ्यांना विचारा, घरी जाऊन काय सांगाल? दहातले सात "जुन्या वस्तू होत्या" म्हणाले तर वही परत उघडा.