वणव्याच्या दिवसांत आभाळ वाचताना या चुका टाळा

आभाळ भरून आलं की वणव्याची धास्ती कमी झाल्यासारखी वाटते. ढग म्हणजे पाऊस, हे आपल्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं असतं. आगीच्या मोसमात मात्र ढग दिसला की 'पाऊस येईल का?' याच्या आधी 'वारा काय करेल?' हे विचारायचं.

गडगडाट ऐकून निर्धास्त होणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगत जाणारे राशिमेघ दुपारपर्यंत उंच चढतात, माथा ऐरणीसारखा पसरतो आणि गर्जन्मेघ तयार होतो. खालची हवा कोरडी असेल तर त्याचा पाऊस वाटेतच विरतो. ढगाच्या तळाला करड्या झिरमिळ्या लोंबताना दिसतात, पण त्या जमिनीला टेकत नाहीत. पाणी विरताना हवा गार आणि जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. ढग कित्येक किलोमीटर लांब असला तरी हा वारा आगीपर्यंत पोचतो आणि तिची दिशा काही मिनिटांत फिरवतो. अ‍ॅरिझोनातल्या यार्नेल हिलच्या वणव्यात ३० जून २०१३ रोजी असंच झालं. वादळातून सुटलेल्या वाऱ्याने आग वळली आणि १९ अग्निशामक जवान तिच्यात सापडले.

अशा ढगातली वीज आग लावते ती वेगळीच. ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियात हजारो विजा पडल्या, पाऊस मात्र नावापुरता. त्यातून पेटलेल्या वणव्यांपैकी काही एकत्र होऊन दहा लाख एकरांहून जास्त जंगल जळालं. मध्यम उंचीवर सकाळीच किल्ल्याच्या बुरुजांसारखे छोटे ढग उभे दिसले, तर दुपारी वादळ उठण्याची शक्यता धरून चाला.

फक्त तापमान बघणं

'आज तेवढं ऊन नाही' हे वाक्य मला नेहमी खटकतं. कोलोरॅडोतली मार्शल आग ३० डिसेंबर २०२१ ची, म्हणजे ऐन हिवाळ्यातली. हजाराहून जास्त घरं तिने एका दिवसात खाल्ली. गवत वाळलेलं होतं आणि डोंगरावरून ताशी १६० किलोमीटरपेक्षा वेगाचे झोत येत होते. थंडी असून उपयोग काय?

तापमानासोबत वारा आणि सापेक्ष आर्द्रता बघा, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते तिच्या किती टक्के वाफ आहे ते. हवेतली वाफ तेवढीच राहिली आणि पारा ११ अंशांनी चढला, तर सापेक्ष आर्द्रता साधारण निम्म्यावर येते. सकाळी २० अंशांना ५० टक्के असलेली आर्द्रता दुपारी ३१ अंशांना २६ टक्क्यांच्या आसपास उतरते. वाळलेलं गवत आणि पालापाचोळा हा बदल तासाभरात टिपतात. म्हणून सकाळचा आकडा बघून दुपारचा बेत ठरवू नका.

देखणा ढग बघून फोटोत रमणं

डोंगराच्या आडोशाला मसुरीच्या दाण्यासारखा गुळगुळीत ढग कधी कधी तासन्‌तास जागचा हलत नाही. म्हणून वर वारा नाही असं वाटतं. खरं तर वारा त्याच्यातून सुसाट वाहत असतो. हवेच्या लाटेचा माथा तेवढा एका जागी उभा असतो. तीच लाट उतारावर खाली आली की कोरडे, गरम होत जाणारे झोत बनते. फोटो काढा, पण त्या दिवशी पालापाचोळा पेटवू नका.

उंचावरच्या पिसांसारख्या तंतुमेघांकडे कुणी लक्ष देत नाही. नुसते विखुरलेले असतील तर चिंता नाही. ते दाट होत आभाळ झाकू लागले, तर हवेची आघाडी, म्हणजे थंड आणि उबदार हवा भिडतात ती सीमा, जवळ येत असू शकते. ती बऱ्याचदा पाऊस न देताच निघून जाते आणि वाऱ्याची दिशा तेवढी बदलते. मग आगीची लांबलचक बाजू हेच तिचं तोंड बनतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात ७ फेब्रुवारी २००९ रोजी संध्याकाळी वारा असाच फिरला. त्या दिवसाच्या वणव्यांत १७३ माणसं गेली.

सकाळची शांतता खरी मानणं

खाली पसरलेले स्तरमेघ ओलावा देतात, त्यांच्याशी आपलं भांडण नाही. फसवतो तो दरीत बसलेला धूर. वरच्या उबदार हवेचं झाकण असेपर्यंत आग मलूल दिसते. उन्हाने झाकण फुटलं की धूर एकदम वर उसळतो, वरचा कोरडा वारा खाली उतरतो आणि आग जागी होते. धूर उचलला जाताना दिसला तर हातात वेळ थोडा आहे असं समजा.

धुराच्या खांबाला साधा ढग समजणं

मोठी आग स्वतःचा ढग तयार करते. २०१७ पासून जागतिक हवामान संघटनेच्या मेघ-नकाशात त्याला 'फ्लॅमाजेनिटस' असं नाव आहे. धूर वाऱ्याने आडवा पडला असेल तर आग कुठे जाईल याचा अंदाज तरी करता येतो. तो सरळ उभा राहून माथ्यावर पांढराशुभ्र गड्डा धरू लागला, की वाऱ्याचं गणित आगच ठरवू लागते. निखारे लांब उडतात, वीज पडते. १८ जानेवारी २००३ रोजी कॅनबेराजवळ तर अशा आगीतून चक्रीवादळासारखा भोवरा उठला होता. असा गड्डा दिसला की आग किती लांब आहे हे मोजत बसू नका, सूचनेची वाटही पाहू नका. मोकळा रस्ता असेपर्यंत निघा.