वेबसाइटवर नोंदणी कुठे मागावी?

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेखाली चहा घेत उभा असलेला मुलगा मोबाइलवर एमपीएससीची जुनी प्रश्नपत्रिका शोधतो. गुगलवर पान सापडतं, तो ते उघडतो आणि समोर येतं: नाव, मोबाइल नंबर, ओटीपी. ओटीपी यायच्या आत तो मागे फिरून दुसरी साइट उघडतो. माझ्या मावसभावाने त्याच्या प्रश्नपत्रिकांच्या साइटवर नोंदणी सक्तीची केली, तेव्हा मी हे शेजारी उभं राहून पाहिलं. ‘लोकांचे नंबर मिळतील’ हा त्याचा हिशोब. मिळाले थोडेच, त्यातही बरेच खोटे. हळूहळू गुगलवरून येणारेही आटले.

ते आटण्याचं कारण साधं आहे. गुगलबॉट, म्हणजे शोधासाठी पानं वाचत फिरणारा गुगलचा प्रोग्रॅम, लॉगिन करत नाही. प्रत्येक प्रश्नपत्रिकेच्या जागी त्याला तोच एक फॉर्म दिसतो, मग ती पानं एकेक करून शोधातून गळतात. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर लिंक पाठवणारेही थांबतात, कारण पुढच्याला फॉर्मच दिसणार.

तुमच्याकडे असंच झालं असेल, तर आधी ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता, आपली पाच-सहा पानं उघडा. मग सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनात, यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये तेच पत्ते टाकून लाइव्ह टेस्ट करा. गुगलला नेमकं काय दिसतं ते तिथे कळतं.

त्यानंतर आकडे. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांपर्यंतची माहिती असते. नोंदणी लावल्यानंतरचे क्लिक गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहा. परीक्षा झाली की शोध तसाही कमी होतो. मागच्याच महिन्याशी तुलना केलीत तर फसाल.

आता खरं काम: काय खुलं ठेवायचं ते ठरवा. माझं मत ठाम आहे, वाचायला येणाऱ्याला काहीही विचारू नये. नोंदणी तिथे मागा, जिथे ती वाचणाऱ्याच्या उपयोगाची आहे. सराव चाचणीचे गुण जपून ठेवायचे आहेत? नवीन प्रश्नपत्रिका आली की कळवायला हवं? मग नंबर मागा, तो खुशीने देईल. मागायचं तेही एकच, नंबर किंवा ईमेल. जन्मतारीख आणि पत्ता कशाला? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही कामापुरतीच माहिती घेणं अपेक्षित आहे.

काही मजकूर राखून ठेवायचाच असेल, तर सुरुवातीचा भाग सगळ्यांना दिसू द्या आणि उरलेला मजकूर सर्वांसाठी खुला नाही अशी खूण स्ट्रक्चर्ड डेटामध्ये, म्हणजे पानाच्या कोडमध्ये शोधयंत्रांसाठी दिलेल्या माहितीत, करा. ही खूण न करता गुगलला पूर्ण मजकूर आणि माणसाला फॉर्म दाखवलात, तर ती फसवणूक धरली जाऊन पान शोधातून काढलं जाऊ शकतं. न्यूयॉर्क टाइम्सने २००५ मध्ये आपल्या स्तंभलेखकांचे लेख पैसे भरणाऱ्यांपुरते ठेवले होते. २००७ मध्ये ती योजना बंद केली, कारण शोधातून येणारे वाचक खूप वाढले होते.

पानं खुली केल्यावर रोबोट्स फाइलमधली (शोधयंत्रांनी कुठे जावं, कुठे नाही हे सांगणारी फाइल) अडवणूक, नोइंडेक्सची (हे पान शोधात घेऊ नका) खूण आणि लॉगिनकडे वळवणारा रीडायरेक्ट, तिन्ही काढलेत ना ते तपासा. मावसभावाकडे रीडायरेक्ट तसाच राहिला होता, तीन आठवडे वाया गेले. मग सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, पुन्हा सादर करा आणि महत्त्वाच्या पानांसाठी इंडेक्सिंगची, म्हणजे ती शोधात घेण्याची, विनंती करा. पानं परतायला काही आठवडे लागतात. तेवढ्यात घाबरून पुन्हा फॉर्म लावू नका.