टीप द्यायच्या आधी बिल नीट वाचा

परदेशात जेवायला बसलात की मेन्यूवरची किंमत म्हणजे शेवटचा आकडा, असं धरून चालू नका. अमेरिकेत तर मुळीच नाही. तिथे कर वेगळा लागतो आणि वर १५ ते २० टक्के टीप अपेक्षितच असते, कारण बऱ्याच राज्यांत वेटरचा मूळ पगार अगदीच तुटपुंजा असतो. न्यूयॉर्कमध्ये १०० डॉलरचं जेवण ८.८७५ टक्के कर आणि २० टक्के टीप धरून जवळपास १२९ डॉलरला पडतं. टीप कराआधीच्या रकमेवर काढली तरी चालते. कार्ड मशीनवरची टीपची बटणं मात्र कधीकधी करासकट हिशेब करतात, तेवढं बघा.

इटलीत बिलावर ‘कोपेर्तो’ दिसला तर दचकू नका, तो माणशी बसण्याचा आकार. फ्रान्समध्ये सेवाशुल्क किमतीतच धरलेलं असतं. लंडनमध्ये बहुधा १२.५ टक्के आधीच लावलेले असतात, त्यावर पुन्हा टीप कशाला? जपानमध्ये पैसे ठेवून निघालात तर वेटर ते परत द्यायला मागे धावत येईल.

आणि कार्ड मशीनने ‘रुपयांत की स्थानिक चलनात?’ विचारलं, तर स्थानिक चलनच निवडा. रुपयांचा दर बहुतेक वेळा महागच पडतो.