प्रोपेनची टाकी नक्की कोणाची? क्लोजिंगआधी, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण होण्याआधी, झाकण उघडा

पेनसिल्व्हेनियात गावाबाहेर घर घेतलं, तेव्हा मागच्या अंगणात घर गरम ठेवायच्या प्रोपेन गॅसची 500 गॅलनची टाकी होती. आपल्याकडे सिलिंडर कंपनीचा, आपण नुसतं डिपॉझिट भरतो, हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी एवढं मोठं धूड काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसलेलं बघून ते घराबरोबरच आलं, असं मी धरून चाललो. विकणारेही तसंच म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. त्यांच्या बिलावर टाकीचं भाडं कधी आलंच नव्हतं. गॅसचा वापर भरपूर असला की काही कंपन्या भाडं लावत नाहीत. मी फसलो तो इथे.

डिसेंबरात काटा 15 टक्क्यांवर आला. स्वस्त भाव देणाऱ्या कंपनीला बोलावलं. ड्रायव्हरने झाकण उचललं, आतली पाटी वाचली आणि ओढत आणलेला पाइप परत गुंडाळायला घेतला. टाकी भाड्याची निघाली. भाड्याची टाकी मालक कंपनीच्या परवानगीशिवाय दुसऱ्याने भरायची नाही, असा कायदा बऱ्याच राज्यांत आहे. घरात लहान मूल, बाहेर बर्फ. ते दोन दिवस मी विसरलेलो नाही.

म्हणून सांगतो, टाकीवरच्या स्टिकरवर जाऊ नका. तुमच्या मालकीच्या टाकीवरही गॅस भरणाऱ्याचा स्टिकर असू शकतो. झाकणाखाली किंवा अंगावर धातूची पाटी असते, तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, वर्ष आणि सिरीयल नंबर. त्याचा फोटो काढा. आजवर गॅस भरणाऱ्या कंपनीला फोन करून विचारा, "हा नंबर तुमच्या यादीत आहे का?" उत्तर ईमेलवरच घ्या. टाकी जमिनीखाली असेल तर वर फक्त घुमट दिसतो, पण पद्धत हीच. विकणाऱ्याकडे टाकीच्या खरेदीची पावती मागा. ती नसेल तर टाकी भाड्याची समजूनच पुढे चला.

रिअल्टरवर, म्हणजे घराच्या दलालावर, हे सोडू नका. घराच्या जाहिरातीत 'प्रोपेन' एवढंच लिहून त्यांचं काम संपतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर प्रत्येक जण आपापल्या राज्याचा नियम सांगतो. मला खरी वाट दाखवली ती शेजारच्या आजोबांनी, स्वतःच्या टाकीचं झाकण उघडून, आतली पाटी दाखवून.

भाड्याची निघाली म्हणून घर सोडू नका, घाबरूही नका. टाकीची दुरुस्ती सहसा कंपनीच बघते. करारात वर्षाचा किमान वापर, गॅलनचा भाव आणि टाकी उचलून न्यायचा खर्च, एवढं नीट वाचा. उरलेल्या गॅसचाही हिशोब लिहून घ्या. टाकी 80 टक्केच भरतात, म्हणजे 500 ची असली तरी गॅस 400 गॅलन. आणि पाना घेऊन स्वतः जोडणी सोडवायला अजिबात जाऊ नका.

मी पुढच्या उन्हाळ्यात कंपनीकडून ती टाकी विकत घेतली. सिरीयल नंबर लिहिलेली पावती घराच्या कागदांतच लावून ठेवली आहे.