रिफ्रेश केलं की लॉगआउट, परत केलं की लॉगिन: सेशनचा घोळ कसा शोधायचा

बॅकएंडला नवीन जॉइन झालात की कधी ना कधी हे तिकीट तुमच्याकडे येणारच. युजर म्हणतो लॉगिन केलं, पेज रिफ्रेश केलं तर परत लॉगिन मागतंय, आणखी एकदा रिफ्रेश केलं तर आपोआप आत. आपल्या मशीनवर मात्र काही केल्या होत नाही, मग तिकिटावर 'रिप्रोड्यूस होत नाही' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. तसं करू नका, कारण आपल्या मशीनवर बहुतेक वेळा एकच प्रोसेस (अॅपची एक चालू प्रत) असते, आणि हा बग एका प्रोसेसमधे दिसूच शकत नाही.

मी आता असं काही आलं की कोड उघडायच्या आधी एकच गोष्ट करतो: प्रत्येक रिस्पॉन्सच्या हेडरमधे होस्टनेम आणि प्रोसेसचा पीआयडी (तिचा ओळख क्रमांक) टाकतो, आणि लॉगमधे तेच दोन अधिक सेशन आयडीचा, म्हणजे युजर लॉगिन आहे हे सर्व्हर ज्यात लक्षात ठेवतो त्या नोंदीच्या आयडीचा, हॅश (आयडीवरून काढलेला, उलट न फिरवता येणारा कोड; आख्खा आयडी लॉगमधे टाकू नका, तो ज्याच्या हाती लागला तो त्या युजरच्या नावाने आत शिरू शकतो). मग तीच कुकी (सेशन आयडी ब्राउझरकडे यात असतो) घेऊन कर्लने (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवायचं टूल) लूपमधे रिक्वेस्ट मारायच्या. चार वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस) असतील आणि साधारण चारातली एकच रिक्वेस्ट 'लॉगिन आहे' म्हणत असेल, तीही दरवेळी त्याच पीआयडीकडून, तर निम्मं काम झालं, सेशन त्या एका प्रोसेसच्या मेमरीत पडलंय. खात्री करायला वर्कर एकावर आणा, बग गायब झाला पाहिजे. एक सांगायचं राहिलं, दरवेळी कर्ल नव्याने चालवा, कारण कीप-अलाइव्हमुळे एकच कनेक्शन उघडं राहिलं तर नोडच्या क्लस्टरमधे (एकाच अॅपचे अनेक वर्कर चालवायची सोय) सगळ्या रिक्वेस्ट त्याच वर्करकडे जातात, तिथे वाटणी कनेक्शनची होते, रिक्वेस्टची नाही. ब्राउझरवर टेस्ट करणाऱ्याला बग कधी दिसतो कधी नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

मेमरीत सेशन ठेवतं कोण? नोडच्या एक्सप्रेस फ्रेमवर्कसाठी सेशन सांभाळणाऱ्या एक्सप्रेस-सेशनचं डिफॉल्ट मेमरी स्टोअर, जे प्रॉडक्शनसाठी नाही असं त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमधे लिहिलंय. पायथनच्या जँगो फ्रेमवर्कमधे सेशन कॅशवर ठेवलं आणि कॅश लोकल मेमरीवाली असली तर तेच, ती प्रत्येक प्रोसेसची वेगळी असते. पायथनच्याच फ्लास्कची गंमत जरा निराळी आहे, तिथे सेशनचा डेटा सही करून कुकीतच जातो, म्हणजे प्रोसेसचा संबंधच नको, पण कोणीतरी सही करायची सिक्रेट की अॅप सुरू होताना रँडम बनवलेली असते आणि गनिकॉर्न (पायथन अॅपचे वर्कर चालवणारा सर्व्हर) प्रीलोडशिवाय, म्हणजे अॅप आधी एकदाच लोड न करता, चालू असतो, मग प्रत्येक वर्करची की वेगळी, एकाची सही दुसऱ्याला खोटी वाटते आणि तो गुपचूप रिकामं सेशन देतो. एरर नाही, काही नाही.

इथे टीममधलं कोणीतरी म्हणणार, स्टिकी सेशन (एका युजरला दरवेळी त्याच सर्व्हरकडे पाठवणं) लावून टाक. लावा, वेळ मारून नेता येते, पण लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट मशीनमधे वाटणारा) सहसा मशीनला चिकटवतो, मशीनच्या आतल्या वर्करला नाही, त्यामुळे एका मशीनवर आठ वर्कर असतील तर दुखणं तसंच राहतं. एनजिनएक्स बॅलन्सर असेल तर त्याचं आयपी हॅश आयपीव्ही४ पत्त्याच्या चार भागांपैकी पहिले तीनच बघतं, म्हणजे एका ऑफिसमधले सगळे एकाच सर्व्हरवर जाऊन पडतात आणि मोबाइलवाल्याचा आयपी बदलला की तो दुसरीकडे. जुन्या एचएप्रॉक्सीत (हाही एक लोड बॅलन्सर) तर बॅलन्सरच एनबीप्रॉक या सेटिंगने अनेक प्रोसेसमधे चालवायचे आणि स्टिक टेबल (कोण कुठे चिकटलाय याची यादी) प्रत्येक प्रोसेसचं आपापलं, म्हणजे चिकटवणाऱ्यांचंच आपसात एकमत नाही. एचएप्रॉक्सी २.५ मधे एनबीप्रॉक काढूनच टाकलं, आता थ्रेड वापरतात आणि टेबल एकच असतं. जुनी कॉन्फिग वारशाने मिळाली असेल तर तेवढं बघून घ्या.

खरा उपाय म्हणजे सेशन बाहेर, रेडिसमधे (सगळ्या प्रोसेसना सामाइक असं वेगळं डेटा स्टोअर) किंवा डेटाबेसमधे. पण रेडिस लावला की झालं असं समजून तिकीट बंद करू नका, कारण आता दुसऱ्या जातीचा घोळ सुरू होऊ शकतो आणि माझ्या मते तो जास्त छळतो. पेज उघडताना ब्राउझर एकदम दोन-तीन रिक्वेस्ट पाठवतो, त्यातल्या दोघी आख्खं सेशन वाचतात, एक कार्टमधे वस्तू टाकून सेव्ह करते, दुसरी मागाहून आपली जुनी कॉपी सेव्ह करते, वस्तू गेली. लॉगिन टिकतं, पण आतला डेटा मधेच मागे जातो. एक्सप्रेसमधे रीसेव्ह हे सेटिंग फॉल्स करा, नाहीतर काही न बदलणारी रिक्वेस्टसुद्धा जुनी कॉपी परत लिहिते. पीएचपीत फाइलवालं सेशन लॉक होतं म्हणून तिथे हा त्रास सहसा नसतो, त्याबदल्यात एकाच युजरच्या रिक्वेस्ट रांगेत थांबतात. मी तर कार्टसारखं काही सेशनमधे ठेवतच नाही, सेशनमधे फक्त युजर आयडी, बाकी सगळं डेटाबेसच्या टेबलमधे. आणि रेडिसच्या रेप्लिकावरून (मूळ सर्व्हरच्या, म्हणजे प्रायमरीच्या, प्रतीवरून) वाचत असाल तर लिहिल्या लिहिल्या तिथे सापडेलच असं नाही, रेप्लिकेशन असिंक्रोनस आहे, म्हणजे प्रतीकडे डेटा जरा मागाहून पोचतो, सेशन प्रायमरीवरूनच वाचा.

फिक्स झाल्यावर टेस्टिंग असं करा: लॉगिन करा, ज्या पीआयडीने उत्तर दिलं तो वर्कर किल करा, रिफ्रेश करा. मग दोन टॅबमधून एकाच वेळी कार्टमधे वेगवेगळ्या वस्तू टाका. लॉगिन टिकलं आणि दोन्ही वस्तू कार्टमधे दिसल्या तर तिकीट बंद करायला हरकत नाही.