विनोदी नाटकांचा हंगाम करताय? आधी सेट कोण उतरवणार ते लिहा

पहिल्या बैठकीत कोऱ्या कागदावर सगळ्यात वर प्रयोग संपल्यावर थांबणाऱ्या सहा जणांची नावं लिहा. नाटकं ठरायच्या आधी, नट ठरायच्या आधी. उलटं वाटेल, वाटू दे. हौशी संस्थेत भूमिका करायला माणसं हौसेने येतात, दारावर तिकिटं तपासायलाही येतात, पण पडदा पडल्यावर हातोडी-पक्कड हातात घ्यायला कोणी सापडत नाही. मागच्या हंगामात आमच्या यादीत सगळं होतं, हे सोडून. टाळ्या झाल्या, नटमंडळी मेकअपसकट फोटोंसाठी बाहेर पळाली, स्वयंसेवक घरी गेले, आणि रंगमंचावर अख्खा दिवाणखाना तसाच उभा. विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशात, पुढच्या सत्राच्या मंडळींचं नेपथ्य येऊन थांबलेलं. त्यांनी काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हा सहा नावं. त्यात नट चालतील, पण दोनच, आणि तेही छोट्या भूमिकेतले. मोठ्या भूमिकेतल्या माणसाला भेटायला लोक आत येतात, तो सुटत नाही.

आता नाटकं. एका हंगामाला तीन पुरेत. चौथं उत्साहात ठरतं आणि तालमीत मरतं. तिन्ही एकाच जातीची नकोत. एक फार्स, एक घरगुती विनोदाचं, आणि तिसऱ्या जागी दोन एकांकिका, म्हणजे नवख्यांना झेपतील अशी लहान कामं निघतात. संहिता वाचताना हशे मोजत बसू नका, दारं मोजा. फार्सला तीन-चार दारं लागतात आणि ती प्रत्येक प्रयोगात आपटली जातात. कापडी फ्लॅटमध्ये, म्हणजे चौकटीवर कापड ताणून केलेल्या खोट्या भिंतीत, बसवलेलं दार आपटलं की पूर्ण भिंत थरथरते आणि प्रेक्षक भलत्याच गोष्टीला हसतो. दाराची चौकट स्वतंत्र, मागून तिरके टेकू, टेकूवर वजन. दार विंगेच्या बाजूला उघडणारं हवं; रंगमंचावर उघडलं तर आत येणारा नट त्याच्याच आड जातो आणि एन्ट्रीचा हशा गेला. तिन्ही नाटकांचा सांगाडा एकच ठेवता आला तर उत्तम: भिंती त्याच, दारं-खिडक्या हलवायच्या. खर्च वाचतो हे आहेच, पण माझं कारण वेगळं आहे. तोच सेट तिसऱ्यांदा उतरवणारी माणसं पहिल्या वेळेपेक्षा खूपच झटपट उतरवतात.

परवानग्या. इथे लोक फार हलगर्जीपणा करतात, म्हणून नीट सांगतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतात. देवल 1916 साली गेले, गडकरी 1919 साली. त्यांची नाटकं मोकळी आहेत. अत्रे 1969 साली गेले, म्हणजे त्यांच्या नाटकांवर 2029 अखेरपर्यंत हक्क आहेत. ‘जुनं आहे, सगळेच करतात’ हे उत्तर चालत नाही. फ्रेंच नाटककार मोलिअर 1673 साली वारला, त्याच्या मूळ नाटकाला कोणाला विचारायची गरज नाही, पण तुमच्या हातातलं मराठी रूपांतर कोणी केलंय ते पाहा. त्याचा हक्क वेगळा. कायद्याच्या कलम 52 मध्ये हौशी मंडळाने बिनतिकीट प्रेक्षकांसाठी केलेल्या प्रयोगाला सूट आहे, हे खरं. तुम्ही तिकीट लावणार असाल तर ती सूट विसरा. आणि तिकीट नसलं तरी लेखक हयात असेल तर एक फोन करा, माणसं सहसा आनंदाने होकार देतात. परवानगी लेखी घ्या, त्यात प्रयोगांची संख्या आणि मानधन स्पष्ट असू दे. महाराष्ट्रात संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं; संहिता वेळेवर पाठवा, शेवटच्या आठवड्यात नाही. बाकी कोणते कागद हवेत ते नाट्यगृहाच्या कार्यालयात विचारा, प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. हे सगळं भूमिका वाटण्याच्या आधी. भूमिका वाटून मग नाटक बदललं की संस्था फुटते.

तारखा ठरवताना परीक्षा, गणपती, दिवाळी, लग्नसराई बघा. 5 नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनाला, हंगामाचा नारळ फोडायची हौस प्रत्येक संस्थेला असते. त्याच्या मागे-पुढे दिवाळी असते आणि ऐन तालमीच्या दिवसांत अर्धी माणसं गावी. बघा बुवा.

नाट्यगृह ठरवताना सत्राच्या वेळेत काय काय बसतं ते विचारा. सत्र म्हणजे प्रयोगाची वेळ असं समजलात तर गेलात. सेट लावणं, प्रकाश जुळवणं, प्रयोग, आणि सेट उतरवून रंगमंच रिकामा करून देणं, हे सगळं त्याच तासांत. कागदावर उलटं मोजत या: सत्र संपायच्या वेळेतून सेट उतरवायचा एक तास वजा करा, मग नाटकाची लांबी, मध्यंतर, उशिरा सुरू होण्याची खात्रीशीर पंधरा मिनिटं. जे उरेल त्यात सेट लावायचा. उरत नसेल तर सेट लहान करा. तो शेवटचा तास कोणालाही देऊ नका. दिग्दर्शक मागेल, प्रमुख पाहुण्यांच्या भाषणासाठी अध्यक्ष मागतील. देऊ नका. जागा बघायला जाताना मोजपट्टी न्या, सामान आत न्यायच्या दाराची रुंदी मोजा.

स्वयंसेवक. ‘मी आहेच, काय लागलं तर सांग’ म्हणणाऱ्याचं नाव लिहू नका. काम, तारीख, वेळ, मग नाव. ‘17 तारखेला दुपारी तीन ते सहा, रंगभूषेच्या खोलीबाहेर’ असं विचारलं की माणूस हो किंवा नाही म्हणतो, दोन्ही उपयोगी. प्रत्येक महत्त्वाच्या कामाला जोडीदार द्या. सगळ्यांचा एक ग्रुप असतोच, शुभ सकाळने भरलेला. वेळापत्रकासाठी दुसरा करा, ज्यात फक्त दोघेच लिहू शकतील. एका नाटकात मोठी भूमिका केलेल्याने पुढच्या नाटकात पडद्यामागे काम करायचं, हा नियम पहिल्या दिवशी सांगा आणि आधी अध्यक्षांना लावा. याने दोन गोष्टी होतात. बॅकस्टेजवाली मंडळी तिसऱ्या नाटकापर्यंत टिकतात, आणि ज्याने स्वतः एकदा सोफा उचललाय तो नट पुढच्या वेळी प्रयोगानंतर फोटोला पळताना थोडा तरी ओशाळतो. नव्याला पहिल्या नाटकात एकट्याला काही देऊ नका, जुन्याच्या बाजूला उभं करा. आणि नावनोंदणीच्या कागदात ‘प्रयोगानंतर’ हा रकाना वेगळा हवा. ‘बॅकस्टेज’मध्ये तो आपोआप येत नाही. बॅकस्टेज म्हटलं की लोकांना अंधारात टॉर्च घेऊन उभं राहणं आठवतं, फ्लॅट खाली आणणं नाही.

तालमींबद्दल दिग्दर्शकाला मी काय सांगणार. पण विनोदी नाटकाची एक अडचण कोणी आधी सांगत नाही. पंधरा दिवसांनी तालमीत कोणी हसेनासं होतं. वाक्यं पाठ झालेली असतात, नटांना वाटतं विनोद मेला, आणि ते वाक्यं ताणायला लागतात, हातवारे वाढतात, नसलेल्या जागा घेतात. त्यावर उपाय स्वयंसेवकच. दारावरची, तिकीट खिडकीची, चहापाण्याची माणसं तीन-तीनच्या गटाने तालमीला आणून बसवा, प्रत्येक वेळी नवी तिघं. ती खरोखर हसतात, आणि कुठे हसत नाहीत तेही दिसतं. नटांना हशा घ्यायची सवय लागते: हशा चढू द्यायचा, उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलं तर नाटक रेंगाळतं, आधी बोललं तर वाक्य बुडतं. आणि हशाच्या वाक्यावर दुसऱ्या कोणी हलायचं नाही, रुमालसुद्धा काढायचा नाही. दारावरच्या माणसाने तालीम पाहिलेली असली की आणखी एक फायदा: उशिरा आलेल्यांना कधी आत सोडायचं हे त्याला कळतं. विनोदाची बांधणी चालू असताना बॅटरीचा झोत मारत चार जण आत आले की पाच मिनिटांची मेहनत पाण्यात. अंधार होईल तेव्हा किंवा मोठ्या हशात सोडा.

प्रॉम्प्टर, म्हणजे विसरलेलं वाक्य विंगेतून पुरवणारा माणूस, पहिल्या तालमीपासून हवा. आयत्या वेळी पुस्तक हातात दिलेला प्रॉम्प्टर नटाने मुद्दाम घेतलेल्या थांब्यात वाक्य पुरवतो, तेही खणखणीत आवाजात. आमच्याकडच्या प्रॉम्प्टरबाईंच्या संहितेत प्रत्येक थांब्यावर लाल पेन्सिलीचा गोल आहे आणि समासात नटाचं नाव. गोल दिसला की त्या ओठ मिटून घेतात. आवाज आणि प्रकाशवाल्यांना इशारे वाक्यावर द्या, मिनिटांवर नको, कारण हशे रोज वेगळ्या लांबीचे. फोनची घंटा रिसीव्हर उचलल्यावरही वाजत राहिली तर तो हशा तुमचा नव्हे.

प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू. विंगेत दोन्ही बाजूंना एकेक टेबल, त्यावर पांढरा कागद चिकटवा, प्रत्येक वस्तू ठेवून मार्करने तिची बाह्यरेषा काढा, आत नाव लिहा. चष्मा, पत्र, छत्री, खोटी मिशी. रिकामी बाह्यरेषा दिसली की वस्तू गायब आहे हे अंधारातही कळतं. प्रत्येक प्रयोगात फुटणारी, फाटणारी, संपणारी वस्तू प्रयोगांच्या संख्येने आणा, वर दोन जास्त. मागून आणलेल्या वस्तूला खालच्या बाजूला मालकाच्या नावाची पट्टी लावा, आणल्या दिवशीच. भिंतीवरचं घड्याळ कोणाचं हे सेट उतरवताना विचारायला गेलात तर सांगणारा घरी पोचलेला असतो. फ्लॅटच्या पाठीवर खडूने नाही, रंगाने क्रमांक घाला. खडू पहिल्याच वाहतुकीत पुसला जातो. कोणता फ्लॅट कोणाला जोडलाय ते सांध्याच्या दोन्ही बाजूंना लिहा. आणि स्क्रू-वायसरांसाठी झाकणाचा डबा. एक डबा, एका माणसाच्या ताब्यात, त्याचं नाव डब्यावर.

हे कशासाठी चाललंय ते लक्षात आलं असेलच. सेट बांधताना जो क्रम लागला तो कागदावर लिहून विंगेच्या मागे चिकटवा. उतरवताना तो खालून वर वाचायचा. आधी उसन्या आणि फुटणाऱ्या वस्तू, मग फर्निचर, मग पडदे, मग दारं, शेवटी फ्लॅट. रंगीत तालमीला सेट उतरवायचीही तालीम करा. हो, खरंच. घड्याळ लावून, त्याच सहा जणांनी. सगळे दमलेले असतात, ‘प्रयोगाला करूच की’ म्हणतात. ऐकू नका. पहिल्यांदा दीड तास लागतो आणि मग कळतं की पक्कड एकच आहे.

प्रेक्षागृहाचं थोडक्यात. तिकिटं पुढून आणि मधून भरत जा, बाल्कनी गरज पडली तरच उघडा. विखुरलेला प्रेक्षक हसत नाही. शेजारी कोणी हसलं की माणूस हसतो, दोन रिकाम्या खुर्च्यांपलीकडचं हसू पोचत नाही. ओळखीच्यांना फुकट पास देऊन मागे कुठेही बसवू नका, पुढच्या रिकाम्या रांगांत बसवा. मोबाइल बंदची सूचना नाटकातल्याच एखाद्या पात्राच्या आवाजात दिली तर लोक ऐकतात. बाहेर जायची दारं उघडी आहेत ना, त्यांच्यासमोर खोकी ठेवलेली नाहीत ना, हे एकाने स्वतः चालत जाऊन पाहायचं. कार्यक्रमपत्रिकेत पडद्यामागच्यांची नावं नटांच्याच आकाराच्या अक्षरात, आणि स्पेलिंग ज्याचं त्याच्याकडून तपासून.

प्रयोगाचा दिवस. प्रथमोपचाराची पेटी, जास्तीच्या सेफ्टी पिना, सुटे पैसे, पाणी, इस्त्री. बाकी तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या घंटेच्या आत ते सहा जण आलेत का ते एकाने मोजायचं. मध्यंतरात परत मोजायचं. एक जण ‘सासऱ्यांना सोडून येतो’ म्हणून गेला की तो गेला. राखीव माणूस तेव्हाच उभा करा. शेवटच्या प्रवेशात सहाही विंगेत, बंद बूट घालून, हातमोजे खिशात. टेम्पोवाल्याला मध्यंतरात फोन.

पडदा पडला की भेटणाऱ्यांना बाहेरच्या दालनात पाठवा. विंगेच्या दाराशी यासाठी एक ठाम माणूस हवा, शक्यतो ज्याला कोणी ओळखत नाही असा. फोटो तिकडे, गुच्छ तिकडे, आभार तिकडे. रंगमंचावर सहा जण आणि स्क्रूंचा डबा सांभाळणारा. नटांनी कपडे कपडेपटात टांगायचे, जमिनीवर टाकायचे नाहीत, घामाचे कपडे वेगळे. चिकटपट्ट्या जमिनीवरून काढा, अनामत परत मिळते. रंगमंच झाडून द्या, नाट्यगृहाच्या माणसाला दाखवा, त्याची सही घ्या, मगच तुम्ही बाहेर.

दुसऱ्या दिवशी उसनं सामान परत. हिशेब आठवड्याच्या आत, पावत्यांसह. पुढच्या नाटकाच्या सहा नावांचा कागद त्याच बैठकीत भरा. गोदामाची किल्ली कोणाकडे आहे ते लिहून ठेवा.